१६ तासांची फ्लाइट, ४० तासांचा प्रवास

चिऊ, तुझा मेसेज वाचला. "ताई, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को १३,५०० किलोमीटर, १६ तास. म्हणजे सांगलीहून नागपूरला ट्रॅव्हल्सने जाण्याइतकंच की!" वाचून हसू आलं, आणि मग वाटलं, मावशी आणि तू या १६ तासांवर सगळं नियोजन करून बसण्याआधी तुझ्याशी नीट बोलावं. फोनवर तू ऐकतेस कमी आणि "हो गं ताई" जास्त म्हणतेस, म्हणून लिहूनच पाठवते.

पहिली गोष्ट, ते १३,५०० किलोमीटर खरे आहेत. पण त्या वाटेने तुझं विमान जाणार नाही. धाकट्याचा शाळेतला पृथ्वीगोल घे, लोकरीचा धागा घे, एक टोक मुंबईवर आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरून घट्ट ताण. भिंतीवरचा नकाशा पाहून तुला वाटत असेल, धागा अरबस्तान, युरोप, अटलांटिक असा पश्चिमेला जाईल. तो जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो. लेहच्या आसपास डोंगर ओलांडतो, मग चीनचा शिनजियांग, कझाकस्तानची पूर्वेकडची कड, सायबेरिया, आर्क्टिक महासागर, अलास्का, कॅनडाचा पश्चिम भाग आणि तिथून खाली कॅलिफोर्निया. ७६ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो धागा! जगाच्या पाठीवरचं दोन शहरांमधलं सगळ्यात कमी अंतर असंच मोजतात, आणि गुगल तुला दाखवतं ते हेच.

आता या धाग्यावरून विमान का नेत नाहीत? एक तर लडाखपासून तिबेटच्या पठारापर्यंतचा उंच मुलूख. विमानात हवेचा दाब अचानक कमी झाला तर पायलटला झटपट १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, म्हणजे लोकांना मास्कशिवाय श्वास घेता येतो. पण तिथे जमीनच त्याहून उंच. खाली यायचं कुठे? म्हणून तो भाग बहुतेक विमानं टाळतात. दुसरं कारण माणसांनी केलेलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियाचं आकाश युरोपच्या आणि अमेरिकेच्या विमान कंपन्यांना बंद झालं. हेलसिंकीहून टोकियोला पूर्वी नऊ-साडेनऊ तासांत जाणारी फिनएअरची विमानं तेरा तास उडायला लागली. शहरं जिथल्या तिथे होती, फक्त वाट लांबली. आपल्याकडे २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि ती बंदी महिन्यामागून महिना वाढत गेली. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना मध्येच व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं. परदेशी कंपन्यांना ती बंदी नव्हती. म्हणजे एकाच विमानतळावरून एकाच रात्री सुटलेली दोन विमानं, एकाला सरळ रस्ता आणि दुसऱ्याला वळसा. म्हणून सांगते, गेल्या वर्षी अमक्याच्या मुलाला किती तास लागले हे विचारून उपयोग नाही. तिकीट काढशील त्या आठवड्यातलं वेळापत्रक बघ. थेट फ्लाइटचंही तसंच. एअर इंडियाने मुंबई–सॅन फ्रान्सिस्को थेट विमान डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलं, पण अशी लांब पल्ल्याची विमानं कधी थेट जातात, कधी मध्ये थांबत जातात, कधी बंदही होतात.

मला या सगळ्यात सर्वांत आवडणारी गोष्ट २०१६ सालची आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. त्या ऑक्टोबरात त्यांनी दिशाच बदलली आणि पॅसिफिकवरून पूर्वेला नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटरचा वळसा! आणि विमान पोचलं साडेचौदा तासांत, नेहमीपेक्षा लवकर. कारण वारा. पृथ्वीच्या मध्यम अक्षांशांच्या पट्ट्यात नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. विमान स्वतःच्या बळावर ताशी नऊशेच्या आसपास जातं, पाठीवर वारा घेतला की हजार ओलांडतं. परत येताना तेच विमान पुन्हा पूर्वेलाच, अटलांटिकवरून यायचं. म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण, आणि दोन्ही वेळा वारा पाठीशी. फेब्रुवारी २०२० मध्ये तर वादळामुळे ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं. एरवी साडेसहा-सात तास लागतात.

तर किलोमीटर सोड, तास धर. पण तेही नीट मोजू या.

तुझ्यासाठी मी जे तीन-चार पर्याय पाहिले ते असे. दुबईमार्गे: मुंबई–दुबई साधारण १,९०० किलोमीटर, तीन-सव्वातीन तास, आणि पुढे दुबई–सॅन फ्रान्सिस्को १३,००० किलोमीटर, जवळजवळ १६ तास. फ्रँकफर्टमार्गे: साडेसहा हजार किलोमीटर, नऊ तास, आणि मग ९,१०० किलोमीटर, साडेअकरा तास. हाँगकाँगमार्गे साधारण सहा आणि बारा-साडेबारा. सिंगापूरमार्गे गेलीस तर अंतर थेट साडेसतरा हजारांवर जातं, तरी विमानातला वेळ एकवीस-बावीस तासच, कारण पॅसिफिकवर तो वारा पुन्हा पाठीशी असतो. म्हणजे धाग्यापेक्षा चार हजार किलोमीटर जास्त, आणि तरी फ्रँकफर्टच्या वाटेपेक्षा वेळेत फार तर दीड तासाचा फरक.

यात माझं मत विचारशील तर फ्रँकफर्ट. दुबईचं तिकीट कदाचित स्वस्त पडेल, सामानही थोडं जास्त नेऊ देतील, आणि मावशीला दुबई ओळखीचं वाटतं कारण पाटलांचा दादा तिथे आहे. पण त्या वाटेचे तुकडे विषम आहेत. पहाटे मुंबईतून सुटतेस, जेवणाचे ट्रे येतात-जातात, डोळा लागतो न लागतो तोच दुबई आलं म्हणून उठवतात. आणि मग पुढे सोळा तास, एका दमात. फ्रँकफर्टला नऊ आणि साडेअकरा. बऱ्यापैकी झोप काढून उतरतेस, दात घासतेस, कपडे बदलतेस, पाय मोकळे करतेस. पहिल्यांदाच एवढ्या लांब जाणाऱ्या मुलीला ते बरं. दहा हजार रुपयांचा फरक असेल तर मी फ्रँकफर्ट घेईन, चाळीस हजारांचा असेल तर गुपचूप दुबईने जा. अबुधाबीचाही एक फायदा आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, ही सोय २०१४ पासून आहे. उतरल्यावर नुसती बॅग घ्यायची आणि बाहेर.

मधला थांबा किती असावा? इथे मुली फसतात. दीड तासाचा थांबा बघून "वा, लवकर पोचेन" म्हणू नकोस. पहिलं विमान पाऊण तास उशिरा आलं, एका टर्मिनलहून दुसऱ्याला ट्रेनने जायचं निघालं, पुन्हा सुरक्षा तपासणीची रांग लागली, की संपलं. नऊ तासांचा थांबाही नको. विमानतळावरच्या खुर्चीत नऊ तास बसून जेवढा थकवा येतो तेवढा विमानात येत नाही. तीन ते चार तास बरोबर. आणि काही झालं तरी दोन्ही तुकडे एकाच तिकिटावर हवेत, एकाच बुकिंग नंबरखाली. मग पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनीने करायची असते. वेगवेगळी दोन तिकिटं काढून आठ हजार वाचवणारे हुशार लोक तुला भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. त्यात विमान चुकलं तर नवं तिकीट तुझ्याच पैशाने, आणि सामान मध्ये स्वतः काढून पुन्हा द्यायचं. जिथे थांबणार त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे त्यांच्या दूतावासाच्या साइटवर स्वतः वाच. एजंटच्या "काही लागत नाही हो" वर जाऊ नकोस.

आणखी एक. शिकागो किंवा नेवार्कवरून जाणारं तिकीट निघालं तर लक्षात ठेव, इमिग्रेशन अमेरिकेत पहिल्यांदा पाय ठेवशील तिथे होतं. बॅगाही तिथेच घ्यायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायच्या. तिथे दोन तासांचा थांबा म्हणजे अंगावर काटा.

आता घड्याळ. ऑगस्टमध्ये आपण कॅलिफोर्नियाच्या साडेबारा तास पुढे असतो. हिशोब सोपा आहे: अर्धा तास वजा कर आणि दिवसाची रात्र कर. आपले सकाळचे आठ म्हणजे तिकडे आदल्या संध्याकाळचे साडेसात. म्हणून तिकिटावर गंमत दिसते. समज, शुक्रवारी पहाटे दोनला मुंबईहून सुटलीस आणि फ्रँकफर्टचा थांबा धरून साडेतेवीस तास लागले, तर उतरशील तेव्हा तिकडे शुक्रवारचीच दुपार असेल, एक वाजता. कागदावर अकरा तास! वाटेत ग्रीनलँड आणि उत्तर कॅनडावरून जाशील, सकाळी निघून दुपारी पोचशील, आणि अख्ख्या दुसऱ्या तुकड्यात सूर्य मावळणारच नाही. खिडकी मिळाली तर उजवीकडची घे, डावीकडे ऊन डोळ्यांवर येतं.

त्या "पहाटे दोन"बद्दल मावशीला आणि काकांना दोघांनाही बसवून समजाव. तिकिटावर १४ ऑगस्ट, ०२:०० असं असेल तर घरून १३ तारखेला दुपारी निघायचं आहे. १४ च्या रात्री नाही! मुंबईहून अमेरिका-युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि दरवर्षी कुणी ना कुणी एक दिवस उशिरा, हार-तुरे घेऊन, सगळ्या गोतावळ्यासह विमानतळावर पोचतं. आणि मुंबईत आता दोन विमानतळ आहेत. सहारचा कोड बीओएम, उलव्याच्या नवी मुंबईचा एनएमआय. ड्रायव्हरला नुसतं "मुंबई एअरपोर्ट" सांगू नकोस.

तर तुझा खरा प्रवास मोजू. सांगली ते सहार पावणेचारशे-चारशे किलोमीटर. खंबाटकी, पुणे, खंडाळा, सगळं धरून आठ तास. पावसाळा आहे, एक तास वरचा ठेव. विमानतळावर चार तास आधी पोच, कारण काउंटर विमान सुटायच्या तासभर आधीच बंद होतो आणि रात्री इमिग्रेशनच्या रांगा मोठ्या असतात. म्हणजे दोनच्या विमानासाठी घरून दुपारी एकला निघायचं. तिथेच तेरा तास झाले. मग साडेतेवीस तास दोन विमानं आणि थांबा. उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा आणि तुझ्या मुक्कामाच्या सॅन होजेपर्यंतचा रस्ता मिळून तीन. बेरीज कर: साडेएकोणचाळीस. गुगलने सांगितलेल्या सोळापेक्षा अडीचपट. घाबरवत नाहीये, फक्त त्या हिशोबाने जेवणखाण, झोप आणि फोनचं चार्जिंग बघ. पोचल्या दिवशी विद्यापीठात काही काम ठरवलं असशील तर ते पुढे ढकल.

सामानाचं थोडक्यात. पॉवर बँक फक्त केबिन बॅगेत. मेतकूट, भाजणी, मसाला, शेंगदाण्याची चटणी चेक-इन बॅगेत टाक. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात साडेतीनशे मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हाताशी असली तर वेगळी तपासतात आणि रांग खोळंबते. ताजी फळं, बिया नेऊ नकोस. नेलेलं खाणं फॉर्मवर आणि विचारल्यावर सरळ सांग, लाडवांना कुणी काही म्हणत नाही. लपवलं तर म्हणतात. पासपोर्ट, विद्यापीठाचा आय-२० फॉर्म आणि फीच्या पावत्या हातातल्या पिशवीत. एक जोडी कपडे आणि गोळ्याही तिथेच.

विमानातली हवा फार कोरडी असते आणि आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तसा ठेवलेला असतो, म्हणजे सिमल्याला गेल्यासारखा. पाय सुजतात, डोकं जड होतं, घसा कोरडा पडतो. पाणी पीत राहा, दोन तासांनी उठून मागच्या पॅन्ट्रीपर्यंत चालून ये. एकाच जागी तासन् तास बसल्याने पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका असतो. तू तरुण आहेस, पण पुढे मावशी-काका तुझ्याकडे येतील तेव्हा हे त्यांना नक्की सांग, आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायला लाव. आत शिरल्या शिरल्या घड्याळ तिकडच्या वेळेवर लाव. पोचल्यावर संध्याकाळी सहाला झोपेने डोळे मिटायला लागतील, तरी नऊपर्यंत ताटकळत राहा. दुपारी उन्हात फीर. दिवस-रात्र पूर्ण उलटी झालेली असते, झोप ताळ्यावर यायला आठवडा, कधी दहा दिवस लागतात. पहाटे तीनला टक्क जाग येईल आणि घरची आठवण येईल. तेव्हा इथे दुपारचे साडेतीन असतात, मावशीचा चहा चालू असतो. बिनधास्त फोन कर.

मावशीवरून आठवलं. ती फ्लाइटरडार२४ वर तुझं विमान बघत बसणार, मला माहीत आहे. तिला आधीच सांगून ठेव की ते पिवळं विमान समुद्रावर किंवा ग्रीनलँडच्या पलीकडे गेलं की नकाशावरून दिसेनासं होऊ शकतं. खाली जमिनीवर सिग्नल पकडणारे रिसीव्हर नसतात, एवढंच. पुन्हा किनारा जवळ आला की दिसतं. हे ठाऊक नसल्यामुळे एका घरी अर्ध्या रात्री देव पाण्यात ठेवल्याचं मी पाहिलंय. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, मग फरक साडेतेरा तासांचा होतो, तो मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. मावशीची सकाळी साडेआठची फोनची वेळ तुझ्या रात्री आठऐवजी सातला येईल. वर्गात असलीस तर फोन उचलणार नाहीस आणि इथे पुन्हा गोंधळ.

परतीचा हिशोबही आत्ताच घे, कारण तो उलटा चालतो. जाताना तारीख पुढे सरकत नाही, येताना एक दिवस गायब होतो. रविवारी रात्री आठला सॅन फ्रान्सिस्कोहून निघालीस आणि तेवीस तास लागले तर मुंबईत मंगळवारची सकाळ उजाडलेली असते. सोमवार विमानातच गेला. दिवाळीचं तिकीट काढताना मुलं इथेच चुकतात. समज, नरकचतुर्दशी रविवारी आहे. तू म्हणशील, शुक्रवारी दुपारी दोनला निघते. मुंबईत पोचशील रविवारी पहाटे दीडला. बॅगा घेऊन, गाडीत बसून सांगलीत येईपर्यंत दहा-साडेदहा वाजलेले, उटणं वाळलेलं, आणि सगळे फराळाला बसलेले. तेव्हा शुक्रवार नाही, गुरुवारचं बघ. आणि बुधवारचं स्वस्त मिळत असेल तर बुधवारचंच काढ, चकल्या तळायला एक हात जास्त.